बत्तीस एमबीची वेस

१९९१ चा मार्च. शहाडच्या एका छोट्या पतपेढीत वर्षअखेरीचे हिशेब चालले होते. तिथल्या संगणकाची २० एमबीची हार्ड डिस्क भरली, म्हणून काही महिन्यांपूर्वी मीच ४० एमबीची बसवून दिली होती. व्हायरसचा संशय आला, तेव्हा मी स्वच्छ फ्लॉपी घालून संगणक चालू केला. सी ड्राइव्ह दिसला, पण सभासदांची खाती असलेला डी ड्राइव्ह गायब. डिस्क बिघडली असे समजून मी ती सगळी फॉरमॅट केली.

डिस्क बिघडलेली नव्हतीच. बिघाड माझ्या समजुतीत होता. तो समजून घ्यायला मला पुढे कित्येक महिने लागले.

आयबीएमचा पीसी १९८१ साली आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. १६० केबीच्या फ्लॉपीवर सारे भागायचे. त्यामुळे डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर ही कल्पनाही नव्हती. १९८३ साली एक्सटी १० एमबीची डिस्क घेऊन आला आणि डॉस २.० ने फोल्डर दिले. पण आधी लिहिलेले प्रोग्रॅम फोल्डर ओळखत नसत. वर्डस्टारच्या जुन्या आवृत्त्या ज्या फोल्डरात उभ्या असत, तेवढेच त्यांचे जग. लोटस १-२-३ च्या सुरुवातीच्या आवृत्त्या हार्ड डिस्कवर उतरवल्या तरी नकलीला आळा म्हणून मूळ फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये मागत. जागा वाढली, सवयी जुन्याच राहिल्या.

पुढची वेस ३२ एमबीची. डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या कप्प्यांत, म्हणजे सेक्टरांत, विभागलेली असते. डॉस ३.३ पर्यंत सेक्टरचा क्रमांक दोन बाइटमध्ये लिहीत. दोन बाइटमध्ये जास्तीत जास्त ६५,५३६ क्रमांक मावतात. त्याला ५१२ ने गुणा : ३,३५,५४,४३२ बाइट, म्हणजे नेमके ३२ एमबी. चाळीच्या पत्रपेट्यांवर दोनच आकडे रंगवायची सोय असेल, तर शंभरावी खोली बांधता येईल. पत्र तिथे पोहोचणार नाही.

यावर तोडगा म्हणून मोठ्या डिस्कबरोबर एक छोटा ड्रायव्हर मिळे. संगणक सुरू होताना तो स्मृतीत चढे आणि वेशीपलीकडचा भाग डॉसला दाखवी. माझ्या स्वच्छ फ्लॉपीवर तो ड्रायव्हर नव्हता. म्हणून डी ड्राइव्ह दिसला नाही, इतकेच.

१९८८ च्या डॉस ४.० ने ही वेस ओलांडली, पण जुन्या प्रोग्रॅमांना ते झेपले नाही. सेक्टर थेट वाचणारी दुरुस्तीची जुनी साधने मोठ्या भागावर अडू लागली, कारण विचारण्याची पद्धतच बदलली होती. जुन्या रीतीने फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी ‘शेअर’ नावाचा आणखी एक प्रोग्रॅम चढवून ठेवावा लागे. तशी सूचना पडद्यावर येई. १९९१ च्या डॉस ५ ने ती कटकट संपवली.

वेशी मात्र संपल्या नाहीत. बायोस आणि डिस्क यांच्या मोजमापांचा मेळ न बसल्याने ५०४ एमबीला पुन्हा अडले. विभागणीची जुनी पद्धत आजही २ टीबीच्या पुढे जात नाही, कारण तिथे क्रमांकासाठी चारच बाइट आहेत. दर वेळी कुणीतरी ‘एवढे पुष्कळ झाले’ असे मानले होते.

माळ्यावर जुना संगणक असेल, तर माझ्याकडून एवढे घ्या. त्यातला ड्राइव्ह दिसला नाही तर लगेच ‘दुरुस्ती’ करू नका. आधी तो त्याच्या मूळ डिस्कवरूनच सुरू करून पाहा. मग संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल काढा आणि जे प्रयोग करायचे ते नकलेवर करा. फॉरमॅट हा शेवटचा उपाय.

पतपेढीचे काय झाले? तिथले वयस्कर कारकून दर महिन्याला खतावणी छापून कपाटात ठेवत. संगणक असताना कागद कशाला, म्हणून मी त्यांची थट्टा केली होती. नंतरचे तीन आठवडे ते रोज संध्याकाळी आकडे वाचत आणि मी टंकत असे. एकाही सभासदाचा रुपया इकडचा तिकडे झाला नाही. ते श्रेय त्या कपाटाचे.