तालींचा मुलूख

सांगलीत महापुराचा विषय निघाला की तो आयर्विन पुलाच्या पाणीपातळीपासून सुरू होतो आणि अलमट्टी धरणाच्या दरवाजांपाशी जाऊन अडकतो. 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा हेच झाले. 2019 साली पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर चढले. धोक्याची पातळी 45 फूट. कोयना धरणातून किती सोडले, अलमट्टीने किती पुढे घालवले यावर भांडणे झाली, पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल आला. ते सगळे वाचकांना पाठ आहे. माझे भांडण निराळे आहे. वरच्या धरणांच्या खाली आणि सांगलीच्या वर डोंगरउतारांचा, ओढ्यांचा, तालींचा जो मुलूख पसरला आहे, त्याचे नाव कोणीच का काढत नाही?

वाई, जावळी, पाटणच्या उतारांवर जुन्या माणसांनी रचलेल्या ताली, म्हणजे दगडी बांध, मी नोकरीभर पाहिल्या. चुना नाही, सिमेंट नाही. तळाला मोठे धोंडे, वर सांधे चुकवून बसवलेले दगड, पोटात चिपांची भर आणि सगळी रचना किंचित डोंगराकडे कललेली. एका कडेला सांडवा, माथ्यावर मारवेल. पाणी घटकाभर थांबायचे, गाळ खाली बसायचा, जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तुकड्यात उतरायचे. वळवाच्या पहिल्या सरीनंतर घरातला म्हातारा खांद्यावर घोंगडी टाकून ताल बघून यायचा आणि निखळलेला दगड त्याच दिवशी जागेवर बसायचा. 1972च्या दुष्काळी कामांवर ताली-बांध घालणाऱ्या बायाबापड्यांना उताराचे जे ज्ञान होते, ते आमच्या मोजणीच्या दुर्बिणीला नव्हते.

आज ट्रॅक्टर वळत नाही म्हणून तीन तुकड्यांचा एक होतो आणि तालीचे दगड जेसीबीने ओढ्यात लोटले जातात. आल्याच्या गादीवाफ्यात पाणी साचू नये म्हणून सऱ्या सरळ उताराला ओढतात. मृगाचा पाऊस त्याच सऱ्यांतून माती घेऊन जातो. दोन पावसाळ्यांत ओघळीची घळ होते. खाली ओढ्याच्या काठापर्यंत ऊस, त्याखाली वीटभट्ट्यांसाठी पोयटा खरवडून उघडा पडलेला नदीकाठ. वाळूउपशाचे तर बोलायलाच नको.

‘एवढ्या पावसापुढे ताली काय करणार?’ असे मला सुनावणारे पुष्कळ आहेत. 22 जुलै 2021च्या सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 590 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर डोंगर कोसळला. तसला पाऊस ताल अडवत नाही, कबूल. पण पाण्याबरोबर किती माती उतरणार, हे बऱ्याच अंशी ताली ठरवतात. कराडच्या खाली कृष्णेचा उतार मंदावतो, ती माती पात्रात आणि बंधाऱ्यांमागे बसते आणि पुढच्या पुराला तेवढी जागा कमी पडते. शिवाय सगळे पूर काही विक्रमी नसतात. दरसालच्या मध्यम पावसातही जमीन धुऊन निघते.

दुसरे प्रतिपक्षी नाला खोलीकरण-रुंदीकरणाचे. माथा ते पायथा हा क्रम सोडून थेट पायथ्याला नाला खणणे म्हणजे वरून येणाऱ्या गाळाला खड्डा करून देणे. बैठकांमधून हे सांगून माझा घसा बसला. मशीनचे तास मोजणे सोपे, दगड रचणे अवघड.

येरळा नदीकाठी मात्र माणसांनी करून दाखवले. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी वाळूचा बेबंद उपसा अडवला, मोजकी वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान घातले आणि बळीराजा स्मृती धरण बांधले. पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही. हीच येरळा पुढे ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, जिथे 2019च्या पुरात बोट उलटून माणसे बुडाली.

पुराची निळी आणि लाल रेषा सांगलीच्या नकाशावर आखली आहे, तरीही शामरावनगरासारख्या सखल भागात घरे उठली. वरच्या गावांत तर तालींचा नकाशाच नाही. प्रत्येक गटातली ताल शाबूत की फुटलेली, एवढी एक नोंद पीकपाहणीत घ्या आणि दगड रचणाऱ्या हातांना रोजगार हमीतून मजुरी द्या. पाटण आणि जावळीपासून सुरुवात करा. ताली रचण्याचे काम जाणणारी शेवटची पिढी तिथे अजून आहे.