पाणी टाकतंय का रे?

हर्णैला पहाटे होडीचं इंजिन सुरू झालं, की तांडेल तापमानाच्या काट्याकडे बघत नाही. तो कठड्यावरून वाकतो, कडेच्या नळीकडे नजर टाकतो आणि खलाशाला विचारतो, "पाणी टाकतंय का रे?" नळीतून जोरात धार पडत असेल तर नांगर उचलायचा, नाहीतर इंजिन बंद. मला ही सवय बरीच वर्षं निव्वळ रिवाज वाटत होती. मग एकदा कागदावर हिशेब मांडला आणि काट्यावरचा माझाच विश्वास उडाला.

डिझेल जळून जेवढी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा होडीचा पंखा फिरवायच्या कामी येतो. साधारण तेवढीच धुरावाटे जाते आणि बाकीची इंजिनाच्या धातूत उतरते. ट्रकला समोरून वारा मिळतो. होडीचं इंजिन मात्र फळ्यांखालच्या कोंदट खोलीत बसलेलं. बाहेर अख्खा समुद्र आहे, तोच इंजिनातून फिरवावा, हा पहिला विचार कुणाच्याही मनात येईल. काही लहान इंजिनं खरंच तशी चालतात. अडचण उभी करतात ते समुद्रातले क्षार.

चहा गरम असला की साखर पटकन विरघळते. समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम सल्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचा स्वभाव याच्या उलटा. पाणी तापेल तसे ते पाण्यातून बाहेर पडतात आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीलगत, पांढरा थर धरतात. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे भिंत आणखी तापते आणि थर आणखी वाढतो. म्हणून खारं पाणी थेट खेळवणारी इंजिनं साठ अंशांच्या आतबाहेरच ठेवावी लागतात.

डिझेल इंजिनाला मात्र ऐंशीच्या आसपास बरं वाटतं. त्याहून फार थंड राहिलं तर इंधन पुरतं जळत नाही, काजळी धरते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून तेल पातळ करतं. इंधनातल्या गंधकाचं आम्लही थंड भिंतीवरच साचतं. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं आणि गंधक दहा लाख भागांत 10 भागांवर उतरलं, त्यामुळे आम्लाची धास्ती कमी झाली. काजळी आणि पातळ तेल मात्र आहे तिथेच आहे.

मीठ आणि उष्णता यांचं हे भांडण वाफेच्या बोटींपासूनचं. बॉयलरमध्ये समुद्राचं पाणी उकळणाऱ्या त्या बोटींना दाट झालेलं खारट पाणी वरचेवर सोडून द्यावं लागे आणि मागाहून थर खरवडावा लागे. 1838 साली 'सिरियस' ही आगबोट आयर्लंडच्या कॉर्कहून 18 दिवसांत न्यूयॉर्कला पोचली. तिच्यावर सॅम्युअल हॉलची थंडक-यंत्रणा होती. वापरलेली वाफ नळ्यांत थंड करून तेच गोडं पाणी पुन्हा बॉयलरला द्यायचं आणि समुद्र नळ्यांच्या बाहेर ठेवायचा, अशी ती युक्ती. आजच्या होडीतला हीट एक्स्चेंजर याच कुळातला. इंजिनात गोडं पाणी फिरतं, शेजारच्या नळ्यांत खारं, आणि दोन्ही एकमेकांना न भेटता उष्णतेची देवघेव करतात.

आता तो हिशेब. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चाललं, की सुमारे 70 किलोवॅट उष्णता पाण्याला देतं. पंप मिनिटाला 100 लिटर खारं पाणी ओढत असेल तर ते दहा-अकरा अंशांनी तापून कडेच्या नळीतून बाहेर पडतं. मे महिन्यात आपला समुद्रच तीस अंशांच्या घरात असतो, म्हणजे धार चाळीसची. गाळणीत प्लास्टिकची पिशवी अडकून पाणी निम्मं झालं, तर धार पन्नासची होईल. काटा? बऱ्याचदा जागचा हलतही नाही. थर्मोस्टॅटमधलं मेण तापून फुगतं, झडप आणखी उघडते, जास्त गोडं पाणी हीट एक्स्चेंजरकडे जातं आणि बिघाड झाकला जातो. झडप पूर्ण उघडली की झाकायला काही उरत नाही, आणि मग काटा भराभर चढतो. गोडं पाणीच गळून गेलं तर गंमत आणखी वाईट: सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली उतरतो.

खाऱ्या पाण्याच्या पंपात रबराच्या पाकळ्यांचा इम्पेलर असतो. पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला तर मिनिटा-दोन मिनिटांत पाकळ्या जळायला लागतात. काट्याला हे उशिरा कळतं, कडेच्या धारेला लगेच.

"आपल्याकडे कसली थंडी, थर्मोस्टॅट काढून टाका," असं सांगणारे मिस्त्री प्रत्येक बंदरात भेटतात. त्यांच्या हाताला तोड नसेल, हा सल्ला मात्र चुकीचा आहे. इंजिन एरवी थंड राहतंच, शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट गेला की आडवाट उघडी राहते आणि गरम पाणी हीट एक्स्चेंजर टाळून परत इंजिनातच शिरतं. थंड करायला निघालेलं इंजिन ऐन ओझ्याखाली उकळतं.

काटा चढू लागला आणि धार चालू असेल, तर आधी जोर कमी करावा. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे फेरे दहा टक्क्यांनी उतरवले तरी ओझं सुमारे सत्तावीस टक्क्यांनी हलकं होतं. धारच थांबली असेल तर इंजिन तत्काळ बंद. तापलेल्या इंजिनाच्या गोड्या पाण्याचं झाकण उघडू नये आणि वरून थंड पाणी तर मुळीच ओतू नये, बीड तडकतं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत पंपाचं झाकण खोलून इम्पेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी कमी भरली, तर नवा इम्पेलर बसवून मोकळे होऊ नका. तुटलेला तुकडा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असेल, तो आधी काढा.