घंटी वाजली, पण कोंबडी शिजली का?

मायक्रोवेव्ह ओव्हन ही आता केवळ पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली वस्तू राहिलेली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोनाळ्यातही ती काही घरांत आली आहे. बहुतेक वेळा शहरात नोकरीला असलेला मुलगा ती आणून देतो आणि चालवायची कशी हे फोनवरून सांगतो. यंत्र चांगले आहे, माझा त्याला विरोध नाही. परंतु त्यात कोंबडी शिजवणाऱ्यांनी काही गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. त्यासाठी माझ्या दवाखान्यातली एक हकिगत सांगतो.

२०२५ सालची संक्रांत मंगळवारी, १४ जानेवारीला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओळखीच्या घरातले तिघे एकदम दवाखान्यात आले. आजोबा, सून आणि दहा वर्षांचा नातू. तिघांनाही ताप, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. नातवाच्या शौचात तर थोडे रक्तही होते. सोबत आजी आल्या होत्या, त्या मात्र ठणठणीत. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कालच्या तिळाच्या लाडवानंच बाधलं असन. दुसरं काई खाल्लंच नाई."

लाडू आजींनीही खाल्ले होते. घरातले पाणीही एकच, एकाच माठातले. मग आजींनी न खाल्लेले असे काय होते? आजी माळकरी आहेत, शेगावची वारी करतात. एवढे आठवल्यावर मी विचारले, "रविवारी घरात कोंबडी झाली होती काय?" झाली होती. आजींच्या स्वयंपाकघरात कोंबडीला मज्जाव असल्याने आजवर ती अंगणातल्या चुलीवर व्हायची. यंदा धाकट्या मुलाने पुण्याहून मायक्रोवेव्ह पाठवला, तो ओसरीवर ठेवला आणि सूनबाईंनी मोबाईलवर पाहून त्यात कोंबडी केली. "दहा मिनिटं सांगतले होते, दहाच देल्ले. मशिनीनं घंटी वाजोली, मंग काढलं. हाडापाशी जरासं लालसर होतं, पन गरम त लय होतं!"

अन्नातून बाधा झाली की आपण कालचे जेवण आठवतो. काही विषबाधांत ते बरोबरही असते. लग्नाच्या पंगतीतला खवा किंवा पेढा बाधला तर दोन-चार तासांतच उलट्या सुरू होतात. परंतु कोंबडीतून येणारा जो मुख्य जंतू आहे, कॅम्पिलोबॅक्टर, तो पोटात गेल्यावर बहुधा दोन ते पाच दिवसांनी त्रास देतो. तोवर रविवारची कोंबडी सगळे विसरलेले असतात आणि दोष मंगळवारच्या लाडवाला जातो. या जंतूचे कल्चर वेगळ्या पद्धतीने करावे लागते, ते आपल्याकडच्या साध्या लॅबमध्ये होत नाही. त्यामुळे कागदावर पुरावा नव्हता. पण तीन आजारी, एक धडधाकट आणि मधे तीन दिवस, एवढ्यावरून मी माझ्यापुरते निदान केले. जलसंजीवनी, विश्रांती आणि मुलाला झिंक व योग्य ते प्रतिजैविक, एवढ्यावर तिघेही आठवड्याभरात बरे झाले.

आता प्रश्न असा की गरमागरम वाफाळलेली कोंबडी कच्ची राहिली कशी?

चुलीवर आच भांड्याला लागते, भांड्यातला रस्सा उकळतो आणि फोड सर्व बाजूंनी शिजते. मायक्रोवेव्हमध्ये आच नसते. त्यातल्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. या लहरी मांसात साधारण दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात. त्यापुढच्या भागाला बाहेरची उष्णता हळूहळू झिरपत जाईल तेवढीच मिळते. शिवाय लहरी भांड्यात सगळीकडे सारख्या पोचत नाहीत. एक फोड चटका बसेल इतकी तापते आणि शेजारची कोमटच राहते. आतली काचेची थाळी फिरती ठेवली आहे ती याचसाठी, पण तेवढ्याने काम भागत नाही. त्यात तंगडीचा जाड तुकडा असेल तर हाडालगतचा भाग सर्वांत शेवटी तापतो.

यात आपल्या भागातली आणखी एक अडचण आहे. ती पुण्याच्या मुलाला ठाऊक नसते आणि मोबाईलवर पाककृती सांगणाऱ्या बाईंनाही नसते. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज किती पडते ते आपण रोज पाहतो. बल्ब पिवळा होतो, पंखा रेंगाळतो. मायक्रोवेव्हचेही तेच होते. दिवा लागतो, थाळी फिरते, घड्याळ बरोबर मिनिटे मोजते, पण आतली ताकद कितीतरी कमी झालेली असते. पुण्यात दहा मिनिटांत होणारी कोंबडी सोनाळ्यात संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटांत होईलच असे नाही. घंटी फक्त वेळ संपल्याचे सांगते. कोंबडी शिजली की नाही हे त्या यंत्राला कळतच नाही.

कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस असते आणि याला नेमके तेच मानवते. कोंबडी आजारी दिसत नाही, त्यामुळे दुकानात पारखून घेण्याचा उपाय चालत नाही. फ्रीजरमध्ये ठेवल्याने तो खात्रीने मरत नाही. हळद, मीठ, लिंबू लावल्यानेही मरत नाही. मरतो तो उष्णतेने, आणि तसा तो फार चिवट नाही. मांसाच्या आतल्या भागाचे तापमान ७४ अंशांवर गेले की हाही जातो आणि साल्मोनेलाही जातो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, पुढे शेजारच्या जळगाव जिल्ह्यातही आला, तेव्हा ७० अंशांवर शिजवलेली कोंबडी खायला हरकत नाही असे वारंवार सांगितले गेले होते. जुन्या वाचकांना ते आठवत असेल. तत्त्व तेच आहे. फक्त ते तापमान रश्श्याचे नव्हे, हाडाजवळच्या मांसाचे असायला हवे.

या साध्या जुलाबाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. आमच्या या कुटुंबाला बरे वाटून आठवडाही झाला नव्हता, तोच पुण्याच्या बातम्या येऊ लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन-बारी नावाच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि तपासलेल्या नमुन्यांत काहींच्या शौचात हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला. तिथे मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. तरीही पाणी उकळून प्या आणि मांस नीट शिजवून खा, अशा दोन्ही सूचना आरोग्य खात्याने दिल्या.

या आजारात जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. जुलाब थांबल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, मग पायांतली ताकद जाऊ लागते आणि ती कमजोरी वर वर चढते. छातीच्या स्नायूंपर्यंत गेली तर श्वास बंद पडतो. जुलाब झालेल्या हजारात एखाद्यालाच हे होते, म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण ज्याला होते त्याच्यासाठी तास मोलाचे असतात.

बातम्या ऐकून आमचे आजोबा पुन्हा आले. "डॉक्टरसाहेब, पायात जीव नाई राह्यला." मी त्यांना टेबलाच्या कडेला पाय लोंबते ठेवून बसवले आणि गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय झटक्यात उडाला. गुलेन-बारीत बहुधा हा झटका नाहीसा होतो. उकिडवे बसवले तर कशाचा आधार न घेता उठले. तो जुलाबाचा अशक्तपणा होता आणि उरलेली टीव्हीची करामत. पण ते आले हे फार चांगले केले. जुलाबानंतर काही दिवसांनी जिना चढता येत नाही, चप्पल पायातून निसटते, पाण्याचा घोट ठसका लागून अडतो असे काही झाले तर "टॉनिकची सलाईन लावा" म्हणून गावात थांबू नका. त्याच दिवशी अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जा. यावर इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने आणि प्लाझ्मा बदलण्याचे उपचार आहेत आणि ते लवकर मिळाले तर उपयोग अधिक होतो.

आता पाककृतीकडे वळू. गावरान कोंबडी मायक्रोवेव्हमध्ये करू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. तिचे मांस चिवट असते, ते मऊ पडायला मंद आचेवर बराच वेळ किंवा कुकरच्या शिट्ट्या लागतात. यंत्रात ती बाहेरून सुकते, आतून रबरासारखी राहते आणि खाणारा यंत्राला व करणारीला, दोघांनाही नावे ठेवतो. ब्रॉयलर मात्र छान होते.

अर्धा किलो कोंबडीच्या लहान आणि शक्यतो सारख्या आकाराच्या फोडी करून आणा. दही, आले-लसूण, हळद, तिखट आणि मीठ लावून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. काचेच्या किंवा त्या यंत्रासाठीच्या भांड्यात फोडी कडेकडेने गोल मांडा, मधली जागा मोकळी ठेवा आणि जाड तुकडे बाहेरच्या बाजूला घ्या. वर झाकण ठेवा, वाफ जायला थोडी फट असू द्या. स्टीलचा डबा आत घालू नये हे बहुतेकांना माहीत असते. प्लास्टिकच्या श्रीखंडाच्या डब्याचाही मोह टाळावा. पूर्ण शक्तीवर चार मिनिटे ठेवा, बाहेर काढून फोडी उलटसुलट करा, मग शक्ती निम्मी करून सात-आठ मिनिटे ठेवा. निम्म्या शक्तीचे कारण असे की बाहेरचे न करपता उष्णतेला आत झिरपायला सवड मिळते. नंतर झाकण न काढता पाच मिनिटे तसेच राहू द्या. या पाच मिनिटांतही आत शिजणे चालूच असते, म्हणून ती वाया गेली असे समजू नका.

मग सर्वांत जाड फोड हाडापर्यंत सुरीने उघडून पाहा. पाणी गुलाबी निघाले किंवा मांस लिबलिबीत दिसले तर आणखी दोन-तीन मिनिटे द्या आणि पुन्हा पाहा. नुसता रंगही कधी फसवतो. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला लाल रंग नीट शिजल्यावरही मांसाला लागलेला दिसतो. खात्री हवी असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो, तो फोडीच्या मध्यात खुपसून ७४ अंश पाहावे. (ताप मोजायचा थर्मामीटर कृपया वापरू नये, तो फुटेल आणि पारा रश्श्यात जाईल.)

चवीचे म्हणाल तर मायक्रोवेव्हमध्ये मांस खरपूस होत नाही, कारण अन्नातले पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या आसपासच घुटमळते. म्हणून कांदा, खोबरे, खसखस गॅसवर किंवा तव्यावर चांगले काळसर भाजून वाटण करा, तेलात परता, त्यात ही कोंबडी घालून रश्श्याला चांगल्या उकळ्या फुटू द्या. वऱ्हाडी चव येते आणि शिजण्यात काही कसर राहिली असेल तर तीही निघते. एक गोष्ट मात्र करू नका. सकाळी यंत्रात अर्धवट शिजवून ठेवायची आणि संध्याकाळी फोडणी द्यायची, ही सोय जंतूंच्या सोयीची आहे. फ्रीजरमधली कोंबडी यंत्रात वितळवली तर तीही लगेच शिजवा, कारण वितळतानाच तिच्या कडा कोमट झालेल्या असतात.

कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या धारेचे शिंतोडे शेजारच्या ताटांवर आणि कोथिंबिरीवर उडतात. धुवायचीच असेल तर खोल पातेल्यात हळूच पाणी ओतून धुवा आणि मोरी नंतर साबणाने घासा. ज्या विळीवर कोंबडी कापली त्याच विळीवर तोंडी लावायचा कांदा चिरणे हा तर माझ्या मते कच्च्या कोंबडीइतकाच मोठा धोका आहे, कारण तो कांदा कोणी शिजवत नाही.

उरलेली कोंबडी दोन तासांच्या आत उथळ भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावी. मोठे पातेले रात्रभर ओट्यावर निवत राहिले तर मधे वेगळेच जंतू वाढतात. वीज गेली तर दार न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ गेला तर ते अन्न पुन्हा गरम करून खाण्याच्या भानगडीत पडू नका. गरम करताना मधे एकदा ढवळा, सगळीकडून वाफा येऊ द्या आणि एकदा गरम केलेले परत ठेवू नका.

त्या घरातला मायक्रोवेव्ह अजून ओसरीवरच आहे. आजी त्यात पापड भाजून घेतात. सूनबाई कोंबडी आता दुपारी, व्होल्टेज चांगले असताना करतात, आणि आजोबा आपल्या वाट्याची तंगडी फोडून उजेडात पाहिल्याशिवाय जेवायला बसत नाहीत.