धबधब्याची वाट आणि मुका सोबती

मृगाचा पाऊस पडून जातो, आर्द्रा नक्षत्र लागते आणि घाटमाथ्यावर ढग उतरू लागले की सह्याद्रीच्या काळ्या कड्यांवर ठिकठिकाणी पांढऱ्या रेघा उमटतात. वैशाखात ज्या खडकावर हात ठेववत नाही, त्याच खडकावरून आषाढात पाणी कोसळत असते. या पाण्याच्या ओढीने शहरांतील माणसे डोंगराकडे धावतात, हे आता नवीन राहिलेले नाही. नवीन आहे ते एवढेच, की त्यांतील अनेकांच्या सोबत त्यांचा कुत्राही असतो.

ही जोडी पाहून कोणालाही आनंद वाटावा. कुत्र्याच्या सोबतीचा गौरव आपल्या परंपरेने मुक्तकंठाने केला आहे. दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मान आहे, आणि महाभारताच्या अखेरीस तर युधिष्ठिर कुत्र्याला टाकून स्वर्गात जावयाचेही नाकारतो. या शेवटच्या कथेतील एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. तो कुत्रा हिमालय चढला तो वाट ठाऊक होती म्हणून नव्हे. धर्मराज चालत होता, म्हणून तो चालला. वाटेचा निर्णय धर्मराजाचा होता. पावसाळी धबधब्याच्या वाटेवरही नेमके हेच असते. म्हणून ही वाट कशी आहे आणि तिच्यावर आपला मुका सोबती कोठे कमी पडतो, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम धबधब्याविषयी. सगळेच धबधबे एका जातीचे नसतात. कर्नाटकातील शरावती नदीवरचा जोगचा प्रपात २५३ मीटर उंचीचा आहे. १९६४ साली वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण पुरे झाले आणि त्याचे खरे वैभव पावसाळ्यापुरते उरले. जोग माणसाच्या हातून हंगामी झाला. सह्याद्रीतील शेकडो लहानमोठे धबधबे मात्र जन्मतःच हंगामी आहेत. याचे कारण त्यांच्या खडकात आणि आभाळात आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांपासून दख्खनचे पठार घडले. त्यातील काही थर घट्ट व कठीण, तर काही सच्छिद्र व ठिसूळ आहेत. ठिसूळ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकाला भूगर्भशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात; तो शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे या जिन्यावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील पुण्याच्या वाट्याला सातशेच्या आसपासच येतो.

आता असे पाहा. एखाद्या धबधब्याच्या माथ्यावरचे सपाट रान एक चौरस किलोमीटरचे आहे आणि तेथे तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर तेवढ्यात ५ कोटी लिटर पाणी उतरते. माती पातळ, खालचा खडक घट्ट, आणि दोन महिन्यांच्या पावसाने जमीन आधीच तृप्त झालेली. मग पाणी मुरणार कोठे? ते ओढ्याला लागते आणि अर्ध्या-पाऊण तासात कड्यावर येऊन पोहोचते. पाऊस ओसरला की ओढाही तितक्याच लवकर उतरतो, आणि हिवाळ्यात तेथे ओला डागही राहत नाही. म्हणजे धबधबा हंगामी असतो त्याच कारणाने तो लहरीही असतो. त्याच्याजवळ साठा नसल्याने माथ्यावर पडलेली प्रत्येक सर तो तत्काळ खाली पाठवतो.

पायथ्याशी ऊन पडलेले असताना माथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस होत असू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे. इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्यावर २०११ च्या जुलैमध्ये अशाच अचानक आलेल्या लोंढ्यात एक कुटुंब सापडले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यात अनेक ठिकाणी प्रतिबंधात्मक आदेश काढण्यात आले. असे आदेश निघाले की सरकारला लोकांचा आनंद पाहवत नाही, अशी टीका होते. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेला मनुष्य म्हणून मी एवढेच सांगेन, की अशा आदेशाच्या मागे बहुधा एखाद्या घरचे दुःख असते.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. माणसाच्या गुडघ्याला लागणारे पाणी मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या छातीला लागते. त्याचे पाय सुटतात आणि तो वाहू लागतो. कुत्र्याला उपजत पोहता येते, ही समजूत शांत तळ्यापुरती बरीचशी खरी आहे. धबधब्याच्या पायथ्याशी मात्र पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो. असे पाणी शरीराला पुरते तोलून धरीत नाही, आणि वरून कोसळणारा झोत बुडालेल्या वस्तूला पुन्हापुन्हा आत ओढतो. तेथे पट्टीचा पोहणाराही असहाय होतो. कुत्रा वाहू लागलेला पाहून मालक मागचापुढचा विचार न करता उडी घेतो, आणि एका संकटाची दोन संकटे होतात.

‘जनावराला पाण्याची चाहूल आधी लागते, ते आपल्याला सावध करील’ असा काहींचा भरवसा असतो. कुत्र्याचे कान तीक्ष्ण आहेत यात शंका नाही. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. परंतु धबधब्याच्या गर्जनेत बाकीचे सगळे आवाज बुडून जातात. तेथे कुत्र्याला धन्याची हाकदेखील ऐकू येत नाही. शिवाय धोका कळणे आणि धन्याला सोडून मागे फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धनी पाण्यात उतरला, तर इमानी कुत्रा भीत भीत का होईना, त्याच्यामागे उतरतो. म्हणूनच हाकेला येणाऱ्या कुत्र्याला हाताच्या खुणेनेही थांबावयास शिकवावे, आणि ते शिकल्याखेरीज त्याला धबधब्याच्या वाटेवर नेऊ नये.

मेंढपाळ धनगरांकडून एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. त्यांच्या कुत्र्यांइतका डोंगर तुडवलेला कुत्रा क्वचितच सापडेल. पण दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरणारे हे धनगर पावसाळा तोंडावर आला की घाट चढून देशावरच्या कोरड्या मुलखाकडे निघून जातात, कारण मुसळधार पाऊस मेंढरांना सोसत नाही. ज्यांचे आयुष्य जनावरांसह डोंगरात जाते, ते सोबतच्या जनावराला काय झेपेल हे पाहून आपला मुक्काम ठरवतात. आपण हौसेसाठी जाणाऱ्यांनी निदान एका दिवसाची वाट तरी त्याच न्यायाने ठरवावी.

काही वर्षांपूर्वी श्रावणात सातारा जिल्ह्यातील एका ओढ्यापाशी मला या न्यायाचा प्रत्यय आला. धबधबा पाहून आम्ही परतत होतो. आमची गावठी कुत्री मैना ओढ्याच्या काठाशी जाऊन पलीकडे जाण्यासाठी उतावीळ झाली होती. पाणी सकाळपेक्षा वीतभरच चढलेले दिसत होते. तेवढ्यात इरले पांघरलेला एक वृद्ध गुराखी म्हणाला, “साहेब, थांबा. पानी लाल झालंय.” खरोखरच सकाळी नितळ असलेले पाणी गढूळ झाले होते आणि त्यातून पाचोळा वाहत होता. मी विचारले, “बाबा, किती वेळ थांबावं?” तो म्हणाला, “वढा सांगंल तवर.” थोड्याच वेळात मधला मोठा धोंडा दिसेनासा झाला. आम्ही तीन तास कुडकुडत थांबलो आणि दिवस मावळण्याआधी, धोंडा पुरता उघडा पडल्यावर, पार झालो. पाण्याचा रंग बदलणे, काड्या-पाचोळा वाहू लागणे, आवाज जड होणे या त्या म्हाताऱ्याच्या खुणा प्रत्येकाने पाठ कराव्यात अशा आहेत.

कुत्र्याच्या शरीराविषयीही थोडे जाणून घ्यावे. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय. हवा दमट असली की तोंडातील ओलावा लवकर उडत नाही आणि उपाय अपुरा पडतो. म्हणून पावसाळी, ढगाळ दिवशीसुद्धा चढणीवर कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक असतो. उलट माथ्यावर वाऱ्यात भिजून बसला तर तोच कुत्रा गारठतो. पिण्याचे पाणी, कोरडे फडके आणि वारंवार विसावा हे शिदोरीइतकेच आवश्यक आहेत. पट्टा गळ्याऐवजी छातीभोवती असावा आणि त्याची दोरी हातात असावी. मनगटाला किंवा कमरेला ती कधीही गुंडाळू नये. कड्याच्या कडेला, विशेषतः वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे वर उडते अशा नाणेघाटासारख्या ठिकाणी, धुक्यात कडा कोठे संपतो हे कुत्र्याला कळत नाही.

पावसाळ्यातील रोगांपैकी लेप्टोस्पायरोसिस विशेष घातक आहे. उंदीर, गुरे इत्यादींच्या मूत्रातून त्याचे जंतू डबक्यांत आणि चिखलात येतात व अंगावरील जखमेतून किंवा तोंडावाटे शरीरात शिरतात. कुत्र्याला या रोगाची व पिसाळरोगाची लस वेळेवर टोचलेली असावी. लशी पुऱ्या न झालेले पिल्लू घरीच बरे. घरी आल्यावर पंजे, कान आणि काखा तपासून गोचिडी काढाव्यात. ओढ्यात तोंड घालताना जळू नाकात शिरते, असेही घडते. सहलीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा असे काही दिसले तर पशुवैद्यास ‘आम्ही पावसात डोंगरावर गेलो होतो’ हे आवर्जून सांगावे. हा रोग माणसालाही होतो. तेव्हा स्वतःच्या तापाकडेही दुर्लक्ष करू नये.

आतापर्यंत कुत्र्याला असणारे भय सांगितले. कुत्र्यापासून इतरांना असणारे भयही तितकेच खरे आहे. भीमाशंकर, कोयना, राधानगरी ही अभयारण्ये आहेत, आणि गोव्यातील दूधसागर धबधबाही भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात येतो. अशा ठिकाणी पाळीव कुत्रा नेऊ नये. त्याच्या नुसत्या वासाने आणि भुंकण्याने रानातील जनावरे बुजतात. कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपर हा रोग वन्य पशूंनाही ग्रासतो. २०१८ साली गीरच्या अरण्यात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात या रोगाचे विषाणू सापडले होते. अभयारण्याबाहेरही दिवेलागणीपूर्वी गावात परतावे, कारण बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य वाटते. जुलैमध्ये मावळात आणि कोकणात भाताची लावणी चाललेली असते. एका मोकाट धावेने एखाद्या कुटुंबाची रोपे तुडवली जातात. आणि ज्या ओढ्याकाठी आपण कुत्र्याची घाण सोडून येतो, त्याचे पाणी खालच्या वाडीत कोणीतरी भरत असते.

हे सगळे ऐकून, ‘मग जावयाचेच नाही काय?’ असे कोणी विचारील. अवश्य जावे, पण वाट सोबत्याच्या मापाने निवडावी. भर पावसाळ्यात जाण्यापेक्षा पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपदात जावे. तेव्हा धबधबे वाहते असतात आणि रानफुलेही फुललेली असतात. ज्या वाटेवर ओढा ओलांडावा लागत नाही आणि ज्या ठिकाणाहून धबधबा समोरच्या डोंगरावर दिसतो, ती वाट पसंत करावी. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा. तो नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रहित करावा. गावात पोहोचल्यावर एखाद्या जाणत्यास वाटेची विचारपूस करावी आणि परतीची वेळ सांगून ठेवावी, कारण दरीत फोन लागेलच असे नाही.

माणूस धबधब्याकडे जातो त्याला निसर्गशोभेचे आकर्षण असते, छायाचित्राचा मोह असतो, मित्रांपुढे धीट दिसण्याची हौसही असते. कुत्र्याला यातील काहीच नसते. त्याला धबधबा नको असतो. आपण हवे असतो. जवळ जाऊन भिजलो काय आणि दूरच्या टेपावर बसून पाहिला काय, त्याच्या आनंदात तिळभर फरक पडत नाही. ज्याचा आपल्यावर इतका बिनतक्रार विश्वास आहे, त्याच्याबरोबर चालणाऱ्याने आधीच ठरवून ठेवावे की आपण कोठे थांबणार आणि केव्हा मागे फिरणार. समोरचा ओढा चढू लागला असता ‘आज येथूनच परत’ असे म्हणण्यास थोडे मनोबल लागते. आणि दोघांच्या वतीने ते आपणच दाखवावयाचे असते.