अर्ध्या टनाच्या गाडीला एका टनाचा एक्सल : मजबुती किती, जोखीम किती?

माल वाहणारी गाडी वीस-पंचवीस वर्षांची झाली की मालकापुढे दोन वाटा उरतात. ती भंगारात काढून कर्ज काढायचे व नवी घ्यायची, किंवा आहे तिलाच मजबूत करून आणखी काही वर्षे ओढायची. अमेरिकेत दुसऱ्या वाटेने जाणारे शेतकरी, लाकूडवाले आणि डोंगराळ भागात गाडी चालवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. जुन्या हलक्या पिकअपचे पुढचे-मागचे एक्सल काढून त्या जागी मोठ्या गाडीचे भारी एक्सल बसवायचे, हा त्यांचा ठरलेला उपाय. आपल्याकडेही जुन्या सुट्या भागांचे व्यापारी आणि गॅरेजवाले यांच्याकडे अधूनमधून अशी मागणी घेऊन गिऱ्हाईक येते. म्हणून हे काम तिथे कसे होते, त्यात खरी मेहनत कुठे असते आणि आपल्या रस्त्यावर ते तसेच का उचलता येत नाही, हे आम्ही आज आपल्या कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

कोणती गाडी, कोणता एक्सल?

उदाहरणासाठी जनरल मोटर्सची १९७३ ते १९८७ या काळातील शेवरोले पिकअप घेऊ. चौकोनी बांध्याची ही गाडी तिथे आजही मोठ्या संख्येने धावते. तिचे अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन असे तीन प्रकार होते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या प्रकारांत पुढेही एकसंध हौसिंगचा सॉलिड एक्सल पाट्यांवर बसवलेला असे. १९८८ च्या नव्या बांधणीत कंपनीने पुढची चाके स्वतंत्र स्प्रिंगवर घेतली. त्यामुळे एक्सल बदलण्याच्या कामाला जुनीच गाडी सोयीची ठरली. एक संच काढायचा, दुसरा त्याच पाट्यांखाली सरकवायचा, अशी मूळ कल्पना.

भंगारवाड्यात शोध असतो तो एक टनी गाडीच्या जोडीचा. मागे जनरल मोटर्सचा चौदा बोल्टचा एक्सल आणि पुढे डाना कंपनीचा ‘डाना ६०’. मागच्या एक्सलचे नाव त्याच्या झाकणाच्या चौदा बोल्टांवरून पडले. त्याच्या क्राऊनचा व्यास साडेदहा इंच. अर्ध्या टनाच्या गाडीत सर्रास सापडणाऱ्या दहा बोल्टच्या एक्सलचा क्राऊन साडेआठ इंचांचा असतो. डाना ६० चा क्राऊन पावणेदहा इंचांचा.

खरा फरक हबमध्ये

क्राऊनचा आकार डोळ्यांना दिसतो, पण खरा फरक चाकाजवळ आहे. हलक्या एक्सलमध्ये साइड शाफ्ट दोन कामे एकदम करतो. तो चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. याला सेमी-फ्लोटिंग म्हणतात. शेवरोलेच्या दहा बोल्टच्या एक्सलमध्ये हा शाफ्ट आतल्या टोकाला एका लहानशा सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला की चाकासकट बाहेर सरकू शकतो. भरल्या गाडीचे एक चाक रस्त्यात निघून जाणे म्हणजे काय, हे गाडीवाल्यांना सांगायला नको.

भारी एक्सलमध्ये हब स्वतंत्र स्पिंडलवर दोन टेपर बेअरिंगवर बसतो. वजन स्पिंडल आणि हौसिंग पेलतात, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. याला फुल-फ्लोटिंग म्हणतात. आपल्या मिस्त्रींना ही रचना नवी नाही. ट्रकचा साइड शाफ्ट चाक न उतरवता, बाहेरचे नट काढून सरळ ओढून काढता येतो, तो याच कारणाने. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते, गाडी बाजूला घेता येते.

येथे जुना माल घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जनरल मोटर्सचा चौदा बोल्टचाच आणखी एक एक्सल आहे. त्याचा क्राऊन साडेनऊ इंचांचा आणि रचना सेमी-फ्लोटिंग. बोल्ट मोजून सौदा करणारा येथे फसतो. चाकाच्या मधोमध हबचे तोंड बाहेर आलेले असेल आणि त्यावर शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट दिसत असतील, तरच तो फुल-फ्लोटिंग. नाव ऐकून नव्हे, हब पाहून पैसे मोजावेत.

मापे आधी, वेल्डिंग नंतर

सर्वांत आधी पाहायचे ते पुढच्या डिफरन्शियलची बाजू. शेवरोलेचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट उजव्या बाजूने जातो, म्हणून एक्सलचा गोळाही उजवीकडेच हवा. फोर्डच्या एफ-३५० चा डाना ६० बाजारात जास्त मिळतो, पण त्याचा गोळा डावीकडे. स्वस्त मिळाला म्हणून तो उचलला की पुढे ट्रान्स्फर केससुद्धा बदलण्याची पाळी येते. शेवरोलेचा उजवा डाना ६० कमी मिळतो आणि म्हणूनच महाग विकला जातो.

त्यानंतर रुंदी. मागे चार चाके असलेल्या गाडीचा एक्सल आणि दोन चाकांच्या गाडीचा एक्सल यांच्या मापांत फरक असतो. हबच्या तोंडापासून तोंडापर्यंतचे अंतर आणि दोन्ही बाजूंच्या पाट्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर, ही दोन मापे घेतल्याशिवाय एक्सल गाडीत चढवू नये. एकाच कंपनीच्या, एकाच काळातल्या भावंड गाडीचा एक्सल घेतला तर कापाकापी सर्वांत कमी होते.

पाट्यांची बैठक बदलायची असेल तर पिनियनचा कोन ठरवून मगच ती जोडतात. गाडी तिच्या स्वतःच्या वजनावर पाट्यांवर उभी करायची, गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचा कोन मोजायचा आणि पिनियन त्याला समांतर ठेवायचे. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला हाच नियम. ओझे ओढताना पाटे पिळले जाऊन पिनियनचे नाक वर उचलते, म्हणून ते एक-दोन अंश खाली ठेवणे शहाणपणाचे. आधी फक्त टाके मारावेत, पुन्हा मोजावे आणि एक्सल उतरवूनच पुरते वेल्डिंग करावे. तेही थोडे थोडे, बाजू बदलत. एका दमात लांब टाका ओढला तर नळी तापून वाकते आणि मग बेअरिंग व सील टिकत नाहीत. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावावा. करंट बेअरिंगमधून गेला तर त्याच्या रोलरवर डाग पडतात आणि ते अल्पावधीत बोलू लागते.

दोन्ही एक्सलचा रेशो एकच असला पाहिजे, याबाबत तडजोड नाही. पुढे ४.१० आणि मागे ३.७३ असे बसवून चारही चाकांना ताकद दिली, तर पक्क्या रस्त्यावर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि जो भाग कच्चा असेल तो मोडतो. रेशो बदलला की इंजिनचे फेरेही बदलतात. ३.०८ च्या जागी ४.१० आला तर त्याच वेगाला इंजिन सुमारे एकतृतीयांश जास्त फिरते. ओढ वाढते, पण लांबच्या प्रवासात इंधनही वाढते. स्पीडोमीटरचा हिशेबही चुकतो. मोठे टायर लावले तर उलट चूक होते : २९ इंची टायरच्या जागी ३५ इंची आला, तर मीटरवर ५० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ६० ने धावत असते. त्यामुळे मीटरचे गिअर बदलून द्यावे लागतात.

ब्रेकचे काम सर्वांत शेवटी आठवते, खरे तर ते पहिले असले पाहिजे. भारी एक्सलचे ड्रम मोठे, तेरा इंची, आणि त्यांच्या व्हील सिलिंडरना तेल जास्त लागते. हलक्या गाडीचा जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर पेडल खोल जाते. एक्सल ज्या गाडीचा, मास्टर सिलिंडरही शक्यतो त्याच प्रकारच्या गाडीचा घ्यावा. हँडब्रेकची केबल, ब्रेकचे होज, शॉकअपच्या कडी हे सगळे नव्याने जुळवावे लागते.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही मोजाव्यात. अर्ध्या टनाच्या त्या गाडीची चाके सहा भोकांची, भारी एक्सलची आठ भोकांची. म्हणजे चारही डिस्क नव्या, आणि स्टेपनीसुद्धा आठ भोकांची. ती विसरली गेली तर पंक्चरच्या दिवशी आठवण होते. शाफ्टची लांबी बदलते, क्रॉस मोठा लागतो. यू-बोल्ट नवेच घ्यावेत, जुने पुन्हा आवळू नयेत. काम झाल्यावर दीड-दोनशे किलोमीटर गाडी हलक्या ओझ्यावर चालवून यू-बोल्ट, चाकांचे नट आणि हबची बेअरिंगे पुन्हा तपासावीत.

हिशेब कुठे बिघडतो?

या कामात गिऱ्हाईक फक्त एक्सलची किंमत विचारते. ती ऐकून त्याला सौदा स्वस्त वाटतो. नंतर डिस्क, टायर, शाफ्ट, क्रॉस, सील, बेअरिंग, ब्रेकचे सामान, टर्नरची मजुरी असे एकेक निघू लागते आणि मिस्त्री वाढवून सांगतो, अशी भावना होते. गाडी अर्धी खोललेली, पैसे संपलेले, अशा अवस्थेत महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाड्या तिकडच्या गॅरेजांतही दिसतात. म्हणून जाणते कारागीर काम घेण्याआधीच सर्व बाबी कागदावर लिहून देतात. काय धरले, काय धरले नाही, हे स्पष्ट असते. हा नियम आम्हाला कोणत्याही कामाला लागू वाटतो. लेखी अंदाजपत्रक दिल्याने गिऱ्हाईक जात नाही. गेले तर ते भांडणारेच होते.

एक्सल बदलला, क्षमता वाढली का?

एका टनाचा एक्सल लावला म्हणून गाडी एका टनाची होत नाही, ही या लेखातील मुख्य गोष्ट. चॅसी तीच, पाटे तेच, गिअरबॉक्स तोच. एक्सल भक्कम झाला म्हणून मालक निर्धास्त होऊन जास्त भरतो आणि आधी जो ताण एक्सलवर येऊन थांबत असे तो आता चॅसीच्या सांध्यावर किंवा ब्रेकवर जातो. साखळीची कडी सर्वांत कच्ची जिथे असेल तिथेच साखळी तुटते. अमेरिकेतही गाडीच्या दाराजवळ कंपनीने लावलेल्या पट्टीवर जे एकूण वजन लिहिलेले असते, ते गॅरेजमध्ये एक्सल बदलल्याने वाढत नाही. तिथले समजदार लोक हे काम तुटफूट टाळण्यासाठी करतात, जास्त भरण्यासाठी नव्हे. शिवाय भारी एक्सलचे स्वतःचे वजन बरेच, आणि ते पाट्यांच्या खाली असल्याने खड्ड्यात गाडी जास्त आदळते. चौदा बोल्टचा गोळाही खाली लोंबतो.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात प्रश्न केवळ कारागिरीचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मर्यादेपेक्षा जास्त माल भरल्यास २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये वेगळे. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनीचा माणूस आधी गाडीच्या खाली वाकून पाहतो, आणि बदललेला एक्सल दिसला तर दावा अडकू शकतो.

म्हणून “जरा भारी एक्सल टाकून दे, दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत नेतो,” असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार देण्यात कमीपणा नाही. उद्या घाटात ब्रेक लागला नाही तर चालकाचा आणि समोरून येणाऱ्या माणसाचा जीव जातो, आणि लोक गॅरेजचेच नाव घेतात.

कंपनीच्या मूळ मापाचा एक्सल नीट दुरुस्त करणे, क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश बरोबर लावणे, बेअरिंग, सील आणि लायनर वेळेवर बदलणे, हा गाडीच्या मूळ रचनेत केलेला बदल नाही. या कामाला गिऱ्हाईक कायम आहे, आणि हे अचूक करणारे हात थोडे आहेत. कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात बसणाऱ्या व्यापाऱ्यानेही एक्सल विकताना तो कोणत्या गाडीचा, कोणत्या सालचा आणि किती रेशोचा, हे पावतीवर लिहून द्यावे. मापाची वही आणि डायल गेज ज्या गॅरेजमध्ये रोज वापरले जातात, तिथला मिस्त्री गिऱ्हाइकाला “हे होणार नाही” असेही ठामपणे सांगू शकतो. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्या होकारावर लोक आपली गाडी सोडून जातात.