हाड ‘बसणे’ आणि हाड ‘जुळणे’

मोडलेल्या हाडाविषयी मराठीत दोन क्रियापदे रूढ आहेत. तुटलेली टोके मूळ जागी आणली की हाड ‘बसले’. त्यांच्यामध्ये नवे हाड तयार होऊन ती एक झाली की ते ‘जुळले’. दर्यापूरकडील बोलीत या दुसऱ्या अर्थी ‘जुडलं’ असेही म्हणतात. हाड बसले एवढ्यावरच पट्टी सोडून शेतात उतरणारा रुग्ण या दोन क्रियापदांमधील काही महिन्यांचे अंतर विसरलेला असतो, आणि त्याचे पर्यवसान कधी कधी कायमच्या लंगडेपणात होते.

सुश्रुताने हा अवधी ओळखला होता. सांधा निखळणे व ‘काण्डभग्न’ हे दोन प्रकार वेगळे करून दुसऱ्याचे त्याने बारा भेद सांगितले. तरुणपणी महिन्याने, मध्यम वयात त्याच्या दुपटीने आणि उतारवयात तिपटीने मोड स्थिर होतो, असे त्याचे मत. बंध सैल राहिल्यास स्थिरता येत नाही, हा त्याचा इशारा तर आजही तितकाच खरा आहे.

आधुनिक वैद्यक न जुळण्यास ‘असंधान’ म्हणते. (संज्ञा शुद्ध आहे, परंतु मराठी माणूस संधान ‘बांधतो’ ते राजकारणात, त्यामुळे रुग्णास तिचा बोध होत नाही.) मोड होऊन नऊ महिने लोटले आणि अखेरच्या तीन महिन्यांत क्ष-किरणचित्रात काहीच प्रगती दिसली नाही, तर सामान्यतः असंधान मानतात. मात्र हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला असेल तर इतके थांबणे व्यर्थ होय. नडगीच्या खालच्या तृतीयांशावर स्नायूंचे आवरण थोडे व रक्तपुरवठा तोकडा, म्हणून तेथे धोका अधिक. बिडी व मधुमेह त्यात भर घालतात.

निदानाचा खरा प्रश्न ‘जुळले की नाही’ एवढाच नसून ‘का जुळले नाही’ हा आहे. टोकांशी नवे हाड भरपूर साचले, पण मधली फट बुजली नाही, तर जीवनशक्ती शाबूत असून स्थैर्य उणे आहे; तेथे भक्कम पट्टी अथवा हाडाच्या पोकळीत जाड सळई बसविणे बहुधा पुरते. टोके निमुळती व निस्तेज असतील तर कमरेच्या हाडातून काढलेल्या अस्थीचे रोपणही करावे लागते. जंतुसंसर्गाची शंका आल्यास रक्ततपासणी करून, शस्त्रक्रियेच्या वेळी अनेक ठिकाणचे ऊतींचे नमुने तपासतात. मृत अस्थी काढल्याखेरीज पुढचे उपाय निष्फळ ठरतात. अशी मोठी पोकळी भरण्यासाठी सायबेरियातील कुर्गान येथे इलिझारोव्ह याने विकसित केलेली कड्यांची चौकट उपयोगी पडते. तीत निरोगी भागी हाड मुद्दाम कापून तो तुकडा दररोज सुमारे एक मिलिमीटर सरकवितात, आणि मागे पडणाऱ्या फटीत नवे हाड धरत जाते.