परजीवीसाठी घडवलेले आतडे

१९९३च्या वसंतात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सुमारे ४ लाख ३ हजार लोकांना जुलाब लागले. मिशिगन सरोवराचे पाणी गाळून, क्लोरिन घालूनच नळाला येत होते. तरीही क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी त्यातून घरोघरी पोहोचला. त्याची पुटी जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनची, पण तिचे कवच इतके चिवट, की पाण्यातल्या क्लोरिनला ती दाद देत नाही. प्रयोगशाळेत तर ती वरून निर्जंतुक करायला ब्लीचच्या द्रावणात धुतात आणि आतला जीव शाबूत राहतो.

धडधाकट माणूस एकदोन आठवड्यांत बरा होतो. कुपोषित बाळ आणि एचआयव्हीने खंगलेला रुग्ण यांच्यासाठी मात्र हा आजार जिवावरचा ठरतो. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या ७ देशांत झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. कोलकाता हे तिचे भारतातले केंद्र. वर्षाच्या आतील बाळांच्या मध्यम ते तीव्र अतिसारामागे रोटाव्हायरसखालोखाल हाच परजीवी आढळला. रोटाव्हायरसवर लस आहे. क्रिप्टोस्पोरिडियमवर लस नाही, आणि नायटाझोक्सनाइड हे औषध नेमके कुपोषित मुलांत आणि एचआयव्हीबाधितांत तोकडे पडते.

असे का व्हावे? याच्याच कुळातला मलेरियाचा परजीवी १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर आणि जेन्सन यांनी माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत सलग वाढवून दाखवला. तेव्हापासून मलेरियावरची नवी रसायने काचपात्रात पारखता येऊ लागली. क्रिप्टोस्पोरिडियमचे पहिले मानवी रुग्ण नोंदले गेले तेही १९७६मध्येच. पण त्याला असे घर मिळायला चार दशके लागली.

प्रयत्न होत होतेच. पुटीला सौम्य आम्ल, मग पित्तक्षार आणि ३७ अंश सेल्सिअसची ऊब मिळाली, की आपण पोटात आलो असे समजून ती उघडते. आतून चार स्पोरोझोइट निघतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरतात. आतड्याच्या कर्करोगातून मिळवलेल्या एचसीटी-८ पेशींत हा संसर्ग छान रुजतो. परजीवी विभागून पसरतो, दोन दिवसांत त्याची नर-मादी रूपेही तयार होतात. पण तिथेच गाडे अडते. या पेशींत फलनच होत नाही, असे २०१९मध्ये स्पष्ट झाले. फलन नाही म्हणून नव्या पुटी नाहीत, आणि संसर्ग विझतो. सुरुवातीच्या अवस्थांवर औषध पारखायला एवढे पुरते. पुढच्या जीवनचक्रासाठी पुरत नाही. त्यामुळे संशोधकांना नवजात वासरांना संसर्ग करून त्यांच्या शेणातून पुटी गोळा कराव्या लागत. २०१५मध्ये बोरिस स्ट्रिपेन यांच्या गटाने या परजीवीच्या जनुकांत प्रथमच बदल केला, तेव्हा बदललेले स्पोरोझोइट शस्त्रक्रिया करून थेट उंदराच्या आतड्यात सोडावे लागले.

वाट सापडली ती मूलपेशींमुळे. आतड्याच्या मूलपेशींपासून ऑर्गनॉइड, म्हणजे आतड्याची सूक्ष्म प्रतिकृती, वाढवण्याचे तंत्र हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००९मध्ये सिद्ध केले होते. २०१८मध्ये माणसाच्या पेशींच्या अशा ऑर्गनॉइडमध्ये सूक्ष्म सुईने परजीवी सोडला आणि नव्या पुटी मिळाल्या. पुढच्याच वर्षी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड सिब्ली यांच्या गटाने उंदराच्या मूलपेशींचा सपाट थर सच्छिद्र पडद्यावर वाढवला. थराखाली पोषक द्रव, वरच्या बाजूला हवा. त्या मोकळ्या हवेत पेशी परिपक्व होऊन खऱ्या अस्तरासारख्या वागू लागल्या, काही तर श्लेष्मा स्रवू लागल्या. इथे फलन झाले, पुटी बनल्या आणि त्या पुटींनी उंदरांना संसर्गही केला. दोन वाणांचा संकरही काचपात्रात साधला. परजीवीचे कोणते जनुक त्याला घातक बनवते, हे शोधण्याचा हा राजमार्ग आहे.

पेशी वाढवण्याच्या कामाला बातमीत फारशी जागा मिळत नाही, निधीच्या रांगेतही ते मागे राहते. पण औषध रखडले ते बव्हंशी हे घर नसल्यामुळे. पाणी खळखळ उकळले की ही पुटी मरते, हे खरे. मात्र बाळाच्या तोंडी जाणारा प्रत्येक घोट उकळून घेणे प्रत्येक घराला परवडत नाही. त्या घरांतल्या मुलांसाठी औषध हवे. म्हणून काचपात्रात आतडे वाढवणाऱ्या संशोधनावरचा खर्च हा बालआरोग्यावरचाच खर्च मानला पाहिजे.